काठ ढासळला, तळ कुणी पाहिला नाही

पुणे विभागातल्या एका नगरपरिषदेचं हे प्रकरण आहे. गावाचं, ओढ्याचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, एक-दोन ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत. मी तेव्हा तिथे स्थापत्य अभियंता होतो. म्हणजे मी काही तटस्थ निरीक्षक नाही. या प्रकरणात एका महत्त्वाच्या कागदावर माझी सही आहे. ती कुठे, ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

गावात त्याला नुसतं ‘ओढा’ म्हणतात. सरकारी कागदावर तो ‘नैसर्गिक नाला’ होतो. डोंगरातून निघून, गावाला वळसा घालून तीनेक किलोमीटरवर नदीला मिळतो. दिवाळीनंतर त्यात सांडपाण्याखेरीज काही नसतं, त्यामुळे बाहेरून राहायला आलेल्यांना तो गटारच वाटतो.

प्राथमिक शाळेच्या मागे हा ओढा डावीकडे वळतो. वळणावर पाणी बाहेरच्या अंगाला जोरात जातं, तिथला काठ खातं आणि आतल्या अंगाला गाळ टाकतं. हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. बाहेरच्या अंगाला काळ्या दगडाची, वीसेक वर्षांपूर्वी सिमेंटात बांधलेली १८० मीटर लांबीची भिंत होती. भिंतीमागे चौदा घरांची आळी, आळीतून काँक्रीटचा रस्ता आणि रस्त्याखालून गावाच्या अर्ध्या भागाची ड्रेनेज लाइन. भिंत गेली तर घरं, रस्ता आणि लाइन, तिन्ही एकदम जातील अशी ही रचना होती.

वरच्या अंगाला दहा वर्षांत शेतं एनए (बिगरशेती) होऊन प्लॉट पडले होते. जे पाणी आधी ढेकळांत मुरायचं ते आता पत्र्यांवरून आणि डांबरी रस्त्यांवरून थेट ओढ्यात यायचं. पूर येण्याला पूर्वी चार-पाच तास लागायचे, आता दीड तासात पाणी मोरीला, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाला टेकायचं. आणि दरवर्षी मे महिन्यात नालेसफाई व्हायची. पोकलेन ओढ्यात उतरायचा, घनमीटरवर बिल निघायचं, मोजमाप पुस्तकात नोंद व्हायची. पावसाआधी ओढा साफ झाला की वर्तमानपत्रात फोटो यायचा आणि सगळ्यांना बरं वाटायचं. मलाही.

राजकीय बाजूही सांगायला हवी. २०१६च्या निवडणुकीत नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून आले होते. आमच्याकडे नगराध्यक्ष एका पक्षाचे आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, अशी गाठ पडली होती. तीन वर्षं कुठलाही विषय पटलावर आला की आधी ‘कुणाच्या प्रभागातला’ हा प्रश्न व्हायचा, मग विषय.

२५ आणि २६ सप्टेंबर २०१९

२५ सप्टेंबरच्या रात्री पुणे जिल्ह्यात जे झालं ते अनेकांना आठवत असेल. पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला, अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. शहर आणि जिल्हा मिळून बळींचा आकडा वीसच्या वर गेला. नाझरे धरणातून कऱ्हेत पाणी सोडावं लागलं आणि बारामतीत नदीकाठची वस्ती हलवावी लागली.

आमच्या ओढ्यालाही त्याच रात्री पूर आला, पण भिंत उभी राहिली. सकाळी पाणी ओसरलं, लोक पुलावर उभं राहून फोटो काढत होते. ‘वाचलो’ असं जो तो म्हणत होता, मीही म्हणालो. भिंत पडली ती संध्याकाळी पाचच्या सुमारास, ओढ्यात गुडघाभर पाणी असताना. शाळेच्या मागची बावीस मीटर, एकाच झटक्यात.

पूर असताना बाहेरचं पाणी भिंतीला टेकू देतं. ते झपाट्याने उतरलं की भिंतीमागची माती पाण्याने तट्ट फुगलेली राहते आणि बाहेरचा टेकू गेलेला असतो. मागचं पाणी निघून जावं म्हणून भिंतीला पाझराची भोकं ठेवलेली असतात. आमच्या भिंतीची बरीचशी भोकं आळीतल्या लोकांनी सिमेंटने बुजवली होती, कारण तिथून उंदीर येत आणि उंदरांमागे साप. त्यांना दोष देता येत नाही. ती भोकं कशासाठी आहेत हे नगरपरिषदेने त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

२७ तारखेला सकाळी मी आळीत गेलो. पडलेल्या भागाला लागून एका मावशींचं तीन खोल्यांचं घर होतं. त्यांच्या अंगणात तुळशी वृंदावनापासून धुण्या-भांड्यांच्या मोरीपर्यंत एक भेग गेली होती. भेग चालू आहे की थांबली हे बघायला आम्ही तीवर प्लास्टरची पट्टी ओढतो. पट्टी तडकली तर जमीन सरकते आहे. पट्टी ओढायला मी माणूस बोलावणार तोच मावशी म्हणाल्या, “साहेब, रात्रीच शेणाने लिंपली होती, बघा.” वाकून पाहिलं. वाळलेल्या शेणावरून केसाएवढी नवी चीर गेली होती. वृंदावनापाशी तिच्यात करंगळीचं नख जात होतं. सांगायला आणखी कुठलं उपकरण लागणार होतं?

त्याच दुपारी पाच कुटुंबं शाळेच्या दोन खोल्यांत हलवली.

खरी अडचण

भिंत पडली एवढंच असतं तर काम सरळ होतं. पण विधानसभेची आचारसंहिता २१ सप्टेंबरलाच लागली होती. मतदान २१ ऑक्टोबरला, मोजणी २४ला. या काळात नवं काम सुरू करता येत नाही. चालू काम चालू ठेवता येतं, आपत्तीतलं काम परवानगीने करता येतं.

म्हणजे पहिला निर्णय शब्दाचा होता. हे काम ‘नवीन’ की ‘दुरुस्ती’?

इथे आम्ही पहिल्यांदा घसरलो. खास सभेची विषयपत्रिका २७ तारखेला निघाली. खास सभेला तीन पूर्ण दिवसांची नोटीस लागते, म्हणून घाई होती. विषय लिहिणाऱ्या लिपिकाने सवयीने लिहिलं, ‘प्रभागात नवीन संरक्षक भिंत बांधणेबाबत विचारविनिमय करणे.’ मसुदा माझ्याकडे आला होता. मी त्यात लांबी तपासली, खर्चाचा आकडा तपासला, शब्द तपासला नाही. ‘पडलेल्या भिंतीची तातडीची दुरुस्ती’ असं लिहिलं असतं तर परवानगीचा प्रश्न कदाचित जिल्ह्यातच सुटला असता. ‘नवीन’ लिहिल्यामुळे तो मुंबईला, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या छाननी समितीपर्यंत जाण्याच्या वाटेला लागला. खालच्या टेबलांनी एकच शेरा मारला: नवीन काम दिसते.

टेबलांवरची माणसं वाईट नव्हती. त्या आठवड्यात अख्खी यंत्रणा पुणे आणि बारामतीत अडकली होती. आमच्याकडे माणूस दगावलेला नव्हता, त्यामुळे आमची फाइल अर्थातच खाली होती.

समोर असलेले पर्याय

सभेसाठी मी एका कागदावर चार पर्याय मांडले. पाचवा सभागृहाने स्वतःच काढला.

मुरमाने भरलेल्या गोण्या रचायच्या, वर ताडपत्री आणि निकालापर्यंत थांबायचं. खर्च दीड-दोन लाख. बाकीच्या कुठल्याही पर्यायाच्या आधी हे करावंच लागणार होतं.

गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून पायरीपायरीने रचलेली भिंत. पडलेला भाग आणि दोन्ही बाजूंचा धोक्यातला भाग धरून साठ मीटर, सोळा-सतरा लाख. पाणी तिच्यातून आरपार निघतं, त्यामुळे मागे दाब साठत नाही. पाया थोडा खचला तरी ती मोडत नाही, वाकते. दिसायला मात्र ती दगडांचा ढीग दिसते.

आरसीसीची भिंत, पूर्ण १८० मीटर, दीड कोटीच्या वर. नगरपरिषदेकडे एवढे पैसे नव्हते, म्हणजे शासनाकडे प्रस्ताव, तांत्रिक मान्यता, ई-निविदा. सगळं सुरळीत झालं तरी पुढचा पावसाळा गाठणं कठीण.

काठची पाच-सहा घरं कायमची हलवून ओढ्याला जागा द्यायची. तांत्रिकदृष्ट्या मला हाच सर्वांत चांगला पर्याय वाटायचा, आजही वाटतो. पण हलवायचं कुठे, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पाचवा पर्याय एका ज्येष्ठ सदस्यांचा: ओढ्यावर स्लॅब टाकावा, म्हणजे भिंतीचा प्रश्नच मिटला, आणि वर भाजी मंडई करावी. यावर सभागृहात बाके वाजली. झाकलेल्या ओढ्याची साफसफाई कुणी करायची, पूर आला की पाण्याने कुठे जायचं, हे विचारायला मी उभा राहिलो, तोवर चर्चा मंडईतल्या गाळ्यांवर गेली होती.

सभा, १ ऑक्टोबर

नवरात्राची तिसरी माळ, मंगळवार. सभा घ्यायची की नाही यावरच दोन दिवस गेले होते. मुख्याधिकाऱ्यांनी जिल्ह्याला विचारलं; सभा घ्या, विषय एकच ठेवा, कसली घोषणा नको, असं तोंडी उत्तर आलं.

त्या प्रभागाच्या नगरसेविका आधी बोलल्या. पूर्ण १८० मीटर आरसीसी पाहिजे, त्याखाली काही नको. “जाळीतले दगड तुमच्या दारात लावा,” असं त्यांनी मला ऐकवलं. त्यांच्या जागी मी असतो तर तेच म्हणालो असतो. आज दगडांवर समाधान मानलं तर उद्या काँक्रीटसाठी कुणी परत विचारणार नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

बहुमताच्या गटनेत्यांचा मुद्दा असा: ओढा सात प्रभागांतून जातो, पैसे एकाच प्रभागात का? मग त्यांनी वर्मावर बोट ठेवलं. घरांच्या मागच्या खोल्या ओढ्याच्या हद्दीत आहेत की नाहीत? हद्द मोजलेली नव्हती. अतिक्रमणाला सरकारी पैशाने संरक्षण द्यायचं का? या प्रश्नावर सभागृह दहा मिनिटं शांत झालं, कारण सातही प्रभागांत ओढ्याकाठी कुणाची ना कुणाची मागची खोली होतीच.

मग कलम ५८(२) निघालं. १९६५च्या नगरपरिषद अधिनियमातल्या या कलमाने नगराध्यक्षांना तातडीच्या प्रसंगी, लोकांच्या सुरक्षिततेसाठी, परिषदेच्या मंजुरीआधीच काम करून घेण्याचा अधिकार आहे. कारणं नंतर सभेपुढे ठेवायची. मात्र परिषदेनेच एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं असेल तर तिच्याविरुद्ध हा अधिकार वापरता येत नाही. म्हणजे विषय सभेपुढे आणण्यात एक जुगार होता. सभागृहाने फेटाळला असता तर नगराध्यक्षांचे हात बांधले गेले असते. सभेआधीच, २७ तारखेला, त्यांनी ५८(२) वापरावं असं मी सुचवलं होतं. ते म्हणाले, “उद्या ऑडिटला आक्षेप निघाला की वसुली माझ्या नावावर. बहुमतवाले वाटच बघतायत.” भीती खोटी नव्हती. आचारसंहितेत परवानगीशिवाय काम काढलं म्हणून तक्रार झाली असती, हेही तितकंच खरं.

अडीच तासांनी ठराव झाला: १८० मीटर आरसीसी भिंतीस तत्त्वतः मान्यता, निधीसाठी शासनाकडे प्रस्ताव, तोवर गोण्यांची तात्पुरती व्यवस्था. एकमताने.

मी त्यानंतरही बऱ्याच सभा पाहिल्या. जो ठराव कुणालाच काही द्यायला लावत नाही तो एकमताने होतो. नगरसेविकांना आरसीसी मिळाली, गटनेत्यांना आत्ता खर्च करावा लागला नाही, नगराध्यक्षांवर जबाबदारी आली नाही. गॅबियनचा पर्याय, जो तीन आठवड्यांत उभा राहिला असता, कुणी फेटाळला नाही आणि कुणी उचललाही नाही. यात माझा वाटा असा की कागदावर चार पर्याय शेजारी शेजारी मांडून मी खाली बसलो. ‘यांतला हा करा’ असं लिहिलं नाही. अभियंत्याने शिफारस करायची असते. मी ती केली नाही, कारण शिफारस केली असती तर भिंत का पडली हे विचारलं गेलं असतं, आणि त्या उत्तराकडे जायला मी कां-कूं करत होतो.

काय केलं, आणि २० ऑक्टोबरची रात्र

दसऱ्याच्या आधी गोण्या लागल्या. रांगा नीट, ताडपत्री कडक ओढलेली, बघणाऱ्याला काम झाल्यासारखं वाटावं अशी. त्या दिसण्याचाच तोटा झाला.

शाळा हे मतदान केंद्र होतं. १९ तारखेला खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. पाच कुटुंबांना विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात जायला सांगितलं. तीन गेली. दोन आळीतच परत गेली, त्यांत आमच्या मावशी. “गोण्या लावल्यात की आता,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं, कारण गोण्या मीच लावल्या होत्या. शाळा केंद्र होणार हे यादीवरून आम्हाला आधीच माहीत होतं. २७ सप्टेंबरला पहिल्याच दिवशी मंदिरात सोय केली असती तर लोकांना दोनदा उठवावं लागलं नसतं. दुसऱ्यांदा उठवलेला माणूस घरीच जातो.

त्या वर्षीचा पाऊस जायला तयार नव्हता. १८ ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवारांचं भर पावसात भाषण झालं, त्याची चर्चा पुढे महिनोन्‌महिने चालली. आमच्याकडे त्या आठवड्यात लोक भाषणाचा व्हिडिओ बघत होते आणि मी मोरीच्या खांबावरची पाण्याची खूण.

२०च्या रात्री दहाच्या सुमाराला मावशींनी शेजाऱ्यांचं दार वाजवलं. भेगेवरचं शेण त्या रोज संध्याकाळी नव्याने लिंपत होत्या, आणि त्या रात्री ते दोन तासांत उघडलं. दोन्ही कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी मंदिरात गेली. पहाटे दोनला गोण्यांची अख्खी रांग ओढ्यात घसरली, तिच्यामागोमाग आणखी अठरा मीटर भिंत, ड्रेनेजचं एक चेंबर आणि मावशींची मागची खोली. कुणाला खरचटलंही नाही. याचं श्रेय नगरपरिषदेच्या खात्यावर मांडू नये.

सकाळी मतदान. मी स्वतः निवडणूक ड्युटीवर, मुख्याधिकारी ड्युटीवर, आणि फुटलेल्या चेंबरमधून अर्ध्या गावाचं सांडपाणी थेट ओढ्यात. आता मात्र कुणाला ‘नवीन की दुरुस्ती’ असा प्रश्न पडला नाही. प्रांतांनी (उपविभागीय अधिकाऱ्यांनी) दुपारी जागा पाहिली, दुसऱ्या दिवशी परवानगी हातात आली. नगराध्यक्षांनी ५८(२) वापरलं. सभागृहाने भिंतीला तत्त्वतः का होईना हो म्हटलेलं असल्याने अडचण आली नाही. ठरावाचा एवढाच एक उपयोग झाला.

गॅबियनचं काम २४ ऑक्टोबरला सुरू झालं. अख्खं गाव निकाल बघत होतं, ओढ्यात आम्ही चौघं. जाळी पुण्याहून आली. मग दिवाळी, मजूर गावी गेले ते भाऊबीज करून परतले. त्या दरम्यान अरबी समुद्रात आधी क्यार आणि मग महा अशी दोन चक्रीवादळं झाली, पाऊस रेंगाळतच राहिला. नोव्हेंबरअखेर साठ नव्हे, पंच्याहत्तर मीटर भिंत उभी राहिली.

तळ

पाया खोदताना जे दिसलं ते लिहायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

शेजारची, अजून उभी असलेली जुनी भिंत आम्ही खालून साफ केली. तिच्या पायाच्या दगडाखाली हात जात होता. गवंड्याने वाकून बॅटरी मारली आणि म्हणाला, “साहेब, ही तर अधांतरी उभी आहे.” रेकॉर्ड रूममधून मूळ नकाशा काढला. नकाशात पायाचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा ९० सेंटिमीटर खाली होता. मोरीच्या खांबावरची खूण धरून पातळी घेतली तर आता ओढ्याचाच तळ पायाच्या २० सेंटिमीटर खाली होता. म्हणजे ओढा एक मीटर दहा सेंटिमीटर खोल गेला होता.

एवढा खोल पाण्याने नेला का? थोडा नेला असेल. पण मी मागच्या पाच वर्षांची मोजमाप पुस्तकं काढून बसलो. दर मे महिन्यात त्या वळणावर ‘गाळ काढणे’ या नावाखाली जेमतेम वीतभर जाडीचं मोजमाप. पाच वर्षं, पाच वीत. गाळ पहिल्या वर्षीच संपला होता. त्यानंतर पोकलेनने काढला तो चांगला घट्ट मुरूम, ज्याच्यावर भिंत उभी होती. घनमीटरवर पैसे मिळत असतील तर पोकलेन जिथे खणायला सोपं तिथेच खणणार. आणि मुरमाला बाजारात गिऱ्हाईक होतं. वरच्या अंगाच्या प्लॉटांत भराव त्याचाच पडला होता. पाचही पानांवर ‘मोजमाप तपासले’ असा शिक्का आणि खाली माझी सही. लांबी, रुंदी, खोली मी खरंच तपासली होती. काय काढलं जातंय हे पाहिलं नव्हतं.

सभेत अडीच तास भिंतीची लांबी, उंची, प्रभाग, हद्द आणि मंडई यांवर चर्चा झाली. तळाचा उल्लेख एकाही सदस्याने केला नाही, कारण तो त्यांच्यापुढे ठेवायचं काम ज्याचं होतं त्याने ठेवला नाही. मला तेव्हा पक्कं माहीत नव्हतं, पण संशय होता. २७ सप्टेंबरला पडलेल्या भिंतीचे दगड बघताना पायाचे दगड कोरडे-स्वच्छ दिसले होते, माती न लागलेले. म्हणजे ते आधीपासूनच उघडे होते. घरी येऊन मी कुणाला बोललो नाही.

आणि समजा ठराव झाल्याप्रमाणे आधी आरसीसी झाली असती, जुन्या नकाशातली पायाची खोली धरून? पाच-सहा नालेसफायांनी तीही अधांतरी आली असती. फक्त दीड कोटींची अधांतरी.

परिणाम

गॅबियनचा पाया आत्ताच्या तळाच्या एक मीटर खाली नेला. पुढे ओढ्यात तीन मीटरपर्यंत दगड भरलेल्या चपट्या जाळ्या अंथरल्या, म्हणजे पाण्याने पुढचं खरवडलं तरी त्या वाकून खड्ड्यात बसतात आणि पाया उघडा पडत नाही. मागे कापड घातलं, माती अडवून पाणी सोडणारं. वळणाच्या खाली दोन ठिकाणी ओढ्याच्या तळात आडवे दगडी उंबरे घातले, तळ आणखी खाली जाऊ नये म्हणून. हे उंबरे मूळ अंदाजपत्रकात नव्हते. त्यांच्यासाठी मुख्याधिकाऱ्यांना तळाची हकीकत लेखी दिली, मोजमाप पुस्तकांच्या प्रतींसह. त्यांनी टिपणी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या वर्षीची नालेसफाईची निविदा बदलायला सांगितलं. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, ती योग्यच होती.

आता मोरीच्या खांबांवर आणि भिंतीवर ऑइलपेंटने तांबडी रेघ आहे. तिच्याखाली खणलं तर बिल नाही. पहिल्या वर्षी कंत्राटदाराने रेघ घासून काढली. दुसऱ्या वर्षी आम्ही रेघेच्या जागी दगडात खाच पाडली.

२०२० आणि २०२१चा पावसाळा भिंतीने काढला. मधला भाग वीतभर खचला आणि तसाच बसला. दगडांच्या फटींत आता गवत आलं आहे. नगरसेविकांचं मत बदललं नाही, त्या तिला अजून ‘ढीग’च म्हणतात.

मावशींच्या खोलीचा पंचनामा ‘पक्के घर, अंशतः पडझड’ असा झाला. तेव्हाच्या निकषाने मदत ५,२०० रुपये. खोली परत बांधायची नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं. वृंदावन उचलून पुढच्या दारी आणलं. भेग गॅबियननंतर वाढली नाही, पण पहिला पावसाळाभर त्या ती लिंपत राहिल्या आणि आठवड्याला मला बोलावून दाखवत राहिल्या.

वेगळं काय करता आलं असतं

विषयाचं नाव ‘दुरुस्ती’ लिहिता आलं असतं. २७ सप्टेंबरला ५८(२) वापरून गॅबियन सुरू करता आलं असतं. पावसामुळे तीनऐवजी चार आठवडे लागले असते असं धरलं तरी बराचसा पाया २० ऑक्टोबरच्या आत बसला असता. नगराध्यक्षांची ऑडिटची भीती घालवायला मुख्याधिकारी आणि मी, दोघांनी सही करून ‘जीविताला धोका’ असं लेखी देणं पुरेसं होतं. आम्ही तोंडी सांगत राहिलो आणि तोंडी शब्दावर कुणी वसुलीचा धोका पत्करत नाही.

हद्दीच्या वादावर मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नाही. गटनेत्यांचा प्रश्न अडवणुकीसाठी होता, पण बरोबर होता. ओढ्याची मोजणी आधी झाली असती तर कदाचित दोन घरं हलली असती, कदाचित मोजणीवरून सहा महिने दावे चालले असते. निदान भिंतीचं काम आणि हद्दीचा प्रश्न वेगळे करून, ‘भिंतीमुळे कुणाचा हक्क शाबीत होत नाही’ अशी एक ओळ ठरावात घालता आली असती.

आरसीसी भिंतीचा प्रस्ताव अजून जिवंत आहे. तो तीनदा त्रुटी लागून परत आला. पहिल्यांदा नकाशावर सही नव्हती, दुसऱ्यांदा दरसूची जुनी झाली होती. तिसऱ्यांदा शेरा असा होता: ओढ्याच्या जागेचा सातबारा जोडलेला नाही. गावनकाशात आमच्या ओढ्याला गट नंबरच नाही, तर सातबारा कुठून आणणार, असं आम्ही उत्तरात कळवलं. उत्तराचं उत्तर मी बदलून जाईपर्यंत आलेलं नव्हतं.